वर्गात ‘कशावरून?’ रुजवताना: सहावी ते आठवीच्या नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत सहावीच्या वर्गाला विचारा, पृथ्वीचा आकार कसा आहे? झाडून सगळे हात वर जातील. लगेच पुढचा प्रश्न टाका: कशावरून? हात खाली येतात. एखादं पोरगं धीर करून म्हणतं, ‘सर, पुस्तकात दिलंय की.’ त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला विज्ञान आजवर असंच भेटलंय. धडा, धड्याखालचा स्वाध्याय, स्वाध्यायाचं गाईडमधलं उत्तर.

जिल्हा परिषदेच्या शाळेवर, आश्रमशाळेवर किंवा एखाद्या संस्थेच्या शाळेवर नव्याने रुजू झालेल्या आणि विज्ञानाच्या तासिका वाट्याला आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. प्रयोगशाळा नसली तरी काही अडत नाही. काठी, गोणपाट, पाण्याची बाटली, नाणं, वही एवढ्यावर भागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञान कसं चालतं हे मुलांना सांगून कळत नाही. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि शिक्षकालाही आधी ठाऊक नाही, असा प्रश्न हातात पडला की कळायला लागतं. खालच्या पायऱ्या शाळेच्या वर्षाच्या क्रमाने, जूनपासून फेब्रुवारीपर्यंत लावल्या आहेत. सगळ्या एका वर्षात झाल्याच पाहिजेत असं नाही. दोन नीट झाल्या तरी वर्गाचा सूर बदलतो.

पहिली पायरी: वही

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा प्रयोगवहीचा साचा सुरुवातीला बाजूला ठेवा. झालेलं काम दुसऱ्याला नीट कळावं म्हणून ती मांडणी आहे. काम त्या क्रमाने होतंच असं नाही. कधी निरीक्षण आधी होतं आणि प्रश्न नंतर सुचतो. खगोलशास्त्रात आणि भूगर्भशास्त्रात तर हाताने प्रयोग करायची सोय बहुतेक वेळा नसतेच, तरीही ती विज्ञानंच आहेत.

प्रत्येकाला शंभर पानी वही करायला सांगा. डाव्या पानावर ‘दिसलं’, उजव्या पानावर ‘वाटलं’. ‘मुंग्यांची रांग भिंतीवरून वर चालली होती, तोंडात पांढरं काहीतरी होतं’ हे डावीकडे. ‘पाऊस येणार म्हणून अंडी वर न्यायल्यात’ हे उजवीकडे. पहिले दोन-तीन आठवडे मुलं यात सारखी गोंधळतात. ‘झाड तहानलेलं होतं’ हे डावीकडे लिहितात. तिथे रागवू नका, फक्त विचारा: तहान दिसली का तुला? मग ‘पानं खाली वळली होती’ असं येतं.

वहीला तीन नियम. तारीख आणि वेळ लिहायचीच. लिखाण पेनाने. खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिसऱ्या नियमावर मी हटून बसतो, कारण खोडरबराने मुलं चूक क्वचित खोडतात, बहुतेक वेळा खरं खोडतात. पाण्याचा उत्कलनांक घ्या. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस. मराठवाड्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ३५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने इथे पाणी ९८-९९ अंशांच्या आसपास उकळतं. तापमापी ९८ दाखवते, मुलगी ९८ लिहिते, शेजारणीकडे बघते, खोडते आणि १०० करते. विज्ञान शिकवण्याच्या नावाखाली आपण तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास न ठेवायला शिकवलं. तिच्या वहीत ९८ राहिलं असतं तर पुढचा तास आपोआप उभा राहिला असता: तापमापी बिघडली का? वितळत्या बर्फात धरून बघू, शून्य दाखवते का? दाखवत असेल तर मग पाणीच लवकर उकळतंय का, आणि कामून?

बंद डबा

ही एकाच तासिकेची गोष्ट आहे. पत्र्याच्या डब्यात एखादी वस्तू टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करा. गटागटाने डबा हलवून, कलवून, ऐकून आत काय असेल ते ठरवायचं आणि प्रत्येक अंदाजाला ‘कशावरून’ जोडायचं. घरंगळतंय म्हणजे गोल बाजू आहे. चुंबक बाहेरून फिरवला तर चिकटून सरकतं, म्हणजे लोखंड आहे.

तासाच्या शेवटी डबा उघडू नका. मुलं ओरडतील, विनवण्या करतील, तरी नाही. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोला इथलं, १२ किलोमीटरच्या थोडं पुढे जातं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. पोटात काय आहे हे कुणी उघडून पाहिलेलं नाही, भूकंपाच्या लाटा आतून कशा वळतात, कुठे अडतात यावरून ते ठरवलेलं आहे. डबा कपाटावर दिसेल असा ठेवून द्या, सप्टेंबरात लागेल.

पावसाची नोंद आणि नक्षत्राचं वाहन

शाळा उघडली की पर्जन्यमापक लावा. सरळ बाजूची बाटली वरून कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ वर आलेला असतो, तो मेण ओतून किंवा शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून सपाट करून घ्या. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे गणित वर्गात करून घ्या. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही तीच वेळ धरायची. परिपाठाच्या आसपास होऊन जातं. चोवीस तासांत २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो ‘पावसाचा दिवस’, ही खात्याचीच व्याख्या.

आता पंचांग आणा. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रं आणि प्रत्येकाचं वाहन: बेडूक, म्हैस, हत्ती आले तर चांगला पाऊस, गाढव, कोल्हा आले तर भरवसा नाही, असं घरोघरी बोललं जातं. मुलांना हे आजोबांकडून ठाऊक असतं. तपासायचं कसं, हा प्रश्न वर्गावर सोडा आणि घाई करू नका, कारण खरं शिक्षण इथेच आहे.

कुणीतरी म्हणेल, वाहन बेडूक होतं आणि पाऊस झाला, म्हणजे खरं ठरलं. किती झाला म्हणजे ‘चांगला’? हे नक्षत्र लागण्याआधी ठरवून फळ्यावर लिहायला लावा. साधारण १३-१४ दिवसांच्या नक्षत्रात निदान पाच पावसाचे दिवस, असं काहीतरी. आकडा कोणताही चालेल, पण आधी ठरलेला पाहिजे. नंतर ठरवला तर प्रत्येक भाकीत खरं ठरवता येतं. झालेलं भाकीत जेवढ्या आठवणीने लिहिलं, तेवढ्याच आठवणीने फसलेलंही लिहायचं. शिवाय पंचांगातलं वाहन सगळ्या मुलखाला एकच असतं आणि पाऊस तर वेशीच्या अलीकडे पडून पलीकडे पडत नाही. शेजारच्या गावच्या शाळेची नोंद मागवली तर ही गोष्ट आकड्यात दिसते.

एका हंगामात नऊच नक्षत्रं होतात. नऊ नोंदींवरून काही ठाम बोलता येत नाही, आणि हे मुलांनीच म्हणावं अशी वाट बघा. म्हणून नोंदवही शाळेची करा आणि पुढच्या सहावीच्या हवाली करा. आपण सुरू केलेलं काम दुसऱ्या कुणाच्या हातून पुरं होणार आहे, हे मुलांना फार आवडतं.

एक सांभाळायचं. मुलांना घरी आजोबांशी भांडायला पाठवू नका. आजोबांकडे जे आहे त्यातलं पुष्कळ पिढ्यान् पिढ्या शेतात पारखून आलेलं आहे. वापसा ओळखणं घ्या. काळी माती ओली असताना औत घातलं तर ढेकळं होतात, फार वाळली तर औत चालत नाही, आणि मधली नेमकी वेळ मूठभर माती दाबून कळते. ते मुलांना वर्गात करून बघू द्या, टिकतं. वाहनाचं टिकतं का ते बघायचंय. घरातल्या दोन्ही गोष्टींना एकच कसोटी लावली की मुलाला ‘जुनं ते खोटं’ असं वाटत नाही आणि ‘जुनं ते सोनं’ असंही नाही.

३० सप्टेंबर

लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात या तारखेला परिपाठात श्रद्धांजली असते. त्याच दिवशी, आवाज खाली ठेवून, हा धडा घ्यावा. १९९३ साली, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३.५६ च्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. तुमच्या वर्गात त्या घरांतली नातवंडं असू शकतात, तेव्हा आधी चौकशी करा आणि कुणाला बोलायचं नसेल तर बोलायला लावू नका.

विज्ञानाचा स्वभाव कळण्यासाठी याहून जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही. त्याआधी दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग समजला जात होता. भूकंपप्रवणतेच्या नकाशावर लातूरचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ साली किल्लारी परिसरात हादरे बसत होते, लोक घाबरलेही होते. पण त्यानंतर एवढा मोठा भूकंप येईल हे कुणाला सांगता आलं नाही. भूकंपानंतर तिथे खोल भोक घेऊन खडक तपासले गेले, उपकरणं बसली, आणि २००२ साली देशाचा नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

हुशार पोरगी इथे विचारतेच: मग शास्त्रज्ञांना माहीतच नव्हतं? आणि आजचं तरी खरं कशावरून? हा प्रश्न आला तर समजा धडा जमला. उत्तर देताना विज्ञानाची बाजू राखायची गरज नाही. होय, नव्हतं माहीत. पुरावा आला तेव्हा नकाशा बदलला, ‘आमचं चुकत नसतं’ म्हणून जुना धरून ठेवला नाही. पण सगळंच बदलतं असंही मुलांच्या मनात जाऊ देऊ नका. फळ्यावर तीन रकाने आखा.

‘पक्कं’ या रकान्यात: जमिनीखालचे खडक ताण सहन न होऊन सरकतात आणि भूकंप होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं हादऱ्यात कोसळतात, म्हणून एवढी माणसं गेली. ‘मोजलंय, पण थोडा फरक’ या रकान्यात: तीव्रता, मोजायच्या पद्धतीप्रमाणे कुठे ६.२, कुठे ६.४. ‘अजून वाद’ या रकान्यात: निम्न तेरणा धरणातल्या पाण्याचा या भूकंपाशी काही संबंध होता का? याच्या दोन्ही बाजूंनी अभ्यासकांनी लिहिलं आहे.

विज्ञानात सगळ्या गोष्टी सारख्याच पक्क्या नसतात, आणि कोणती किती पक्की आहे हे सांगता येणं ही मोठी अक्कल आहे. ती या तीन रकान्यांतून येते. मग कपाटावरचा बंद डबा खाली काढा आणि विचारा, आपले अंदाज कोणकोणत्या रकान्यात बसतात?

हिंगोली जिल्ह्यातल्या शिक्षकांना यासाठी मागे जायची गरज नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी तिथे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैत पुन्हा बसला. अशा वेळी मोबाईलवर ‘आज रात्री मोठा भूकंप’ असे निरोप फिरतात. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारी पद्धत आजवर कुणाकडेही नाही. तेव्हा निरोपात तारीख-वेळ असेल तर तो खोटा, एवढं सातवीच्या मुलाने घरच्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

शंभर दाणे

सोयाबीन पेरण्याआधी घरचं बियाणं गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात, हे बहुतेक मुलांनी पाहिलेलं असतं. शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत ओल्या पोत्यावर मांडायचे, गुंडाळी करायची, काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. आपला शेतकरी वर्षानुवर्षं करतो ती ही रीतसर चाचणी आहे. ऑक्टोबरात हरभऱ्यावर ती वर्गात करा.

आधी प्रत्येक गटाला दहाच दाणे द्या. कुणाचे सहा उगवतील, कुणाचे दहाच्या दहा. ‘सर, सगळ्यांचं वेगळंच यायलंय!’ बियाणं तर एकाच पोत्यातलं. मग सगळ्या गटांची बेरीज मांडा. दोन वर्गांनी वेगवेगळं केलं तर शंभराचे आकडे दहाच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जवळजवळ येतात. नमुना मोठा का घ्यायचा, याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे बरं.

त्यानंतर मुलांना त्यांचा प्रश्न निवडू द्या. रात्रभर भिजवलेला हरभरा लवकर उगवतो का? शेणाच्या पाण्यात बुडवला तर? अंधारात ठेवला तर? नियम एकच: बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळं सारखं. आणि काहीच न केलेल्या दाण्यांची एक गुंडाळी बरोबर हवीच. ती नसेल तर ‘भिजवल्यामुळे उगवलं’ हे कशाच्या मानाने म्हणणार? पोरं हमखास चुकतात ती इथे: भिजवलेली गुंडाळी खिडकीत आणि कोरडी कपाटात ठेवतात. चूक होऊ द्या. निकाल फळ्यावर आला की दुसऱ्या गटातलं कुणीतरी ती पकडतं, आणि एकमेकांचं काम असं तपासणं हा विज्ञानाचा अर्धा कारभार आहे. पकडलेल्याने ‘तुझं चुकलं’ म्हणायचं नाही, ‘खिडकीमुळे झालं नसेल कशावरून?’ असं विचारायचं.

बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं. घरी खायला ठेवलेला हरभरा घ्या.

काठीची सावली

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ मोकळं असतं तेव्हा हे करा. माझ्या मते या सगळ्यातला हा सगळ्यात चांगला प्रयोग आहे आणि याला पैसाही लागत नाही.

वर्गाला विचारा: काठीची सावली सगळ्यात लहान कधी? उत्तर ठरलेलं, दुपारी बाराला, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा. सगळ्यांच्या वहीत उजव्या पानावर हे ‘वाटलं’ म्हणून लिहून घ्या आणि मैदानात चला.

सपाट जागी मीटरभर काठी उभी रोवा. सरळ आहे का हे ओळंब्याने बघा. गावात गवंडी असतोच, नाहीतर दोऱ्याला दगड बांधा. सूर्याकडे बघायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. सव्वाअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खिळा ठोकायचा आणि लांबी मोजायची. घड्याळ सगळ्यांनी मोबाईलला जुळवून घ्यायचं.

अडचण लगेच येते. सावली सगळ्यात लहान असते त्याच्या आसपास ती इतकी हळू बदलते की नेमका क्षण पकडता येत नाही. एकाचा १२.२० ला, दुसऱ्याचा १२.४० ला. इथे जुनी युक्ती वापरा. काठीभोवती दोरीने एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला शिवतं ती वेळ लिहा, दुपारी बाहेर जाताना पुन्हा शिवतं ती लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ हवी ती वेळ. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकू म्हणून जी काठी येते ती हीच, आणि वर्तुळावरचे ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते.

लातूरला फेब्रुवारीच्या मध्यावर ही वेळ १२.३८ च्या आसपास येते, बारा नव्हे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.०७ च्या आसपास. छत्रपती संभाजीनगरला त्याच दिवसांत १२.४३ आणि १२.१२. आणि सूर्य डोक्यावर तर नसतोच. डिसेंबराच्या शेवटी लातूरला मीटरभर काठीची सगळ्यात आखूड सावलीसुद्धा ९० सेंटिमीटरच्या जवळ असते.

मुलं आधी स्वतःवर शंका घेतात, मग काठीवर, मग घड्याळावर. घेऊ द्या, आणि प्रत्येक शंका कशी तपासायची ते त्यांनाच ठरवू द्या. काठी बदलून, जागा बदलून, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितल्यावरही बारा येत नाहीत, तेव्हा कारण सांगायची वेळ झाली. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या वेळेवर चालतं. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, लातूर त्या रेषेपासून जवळपास सहा अंश पश्चिमेला आहे, तेव्हा चोवीस मिनिटं उशीर. उरलेली मिनिटं वर्षभरात कमीजास्त होतात, कारण पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे. सातवीला एवढं पुरे. आठवीतलं एखादं मूल आणखी विचारतं, त्याला तारीखवार नोंदी करू द्या.

याचा पुढचा टप्पा तर फारच सुंदर आहे. नांदेडच्या एखाद्या शाळेशी आणि संभाजीनगरच्या एखाद्या शाळेशी बोलून एकाच दिवशी प्रयोग करा. दोन्ही ठिकाणच्या वेळांत आठेक मिनिटांचा फरक येतो. फोनवर आकडे सांगितले जात असताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पृथ्वी गोल आहे आणि फिरते आहे, याची खूण त्यांनी स्वतः मैदानात मोजलेली असते. पहिल्या दिवशीच्या ‘कशावरून?’ला आता वर्गाकडे काहीतरी सांगायला असतं. शून्य सावलीचा दिवस मराठवाड्यात साधारण १३ ते २० मेच्या दरम्यान गावाप्रमाणे येतो. तेव्हा सुट्टी असते, पण काठी घरीही रोवता येते.

पाणाड्या

फेब्रुवारीत २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला. भाषणं असतात, प्रतिमापूजन असतं. त्याच आठवड्यात हे करा, कारण उन्हाळा तोंडावर असतो आणि गावात बोअर पाडायच्या गोष्टी सुरू झालेल्या असतात.

हातात दुबेळक्याची काडी किंवा तळहातावर नारळ घेऊन पाणी दाखवणारा माणूस जवळपास प्रत्येक पंचक्रोशीत आहे. त्याला शाळेत बोलावून उघडं पाडायचा मोह होईल, तो टाळा. तो कुणाचा तरी चुलता असतो, बहुधा मनापासून मानणारा असतो, आणि भर सभेत माणूस हरला की मुलांच्या लक्षात अपमान राहतो, तपासण्याची रीत राहत नाही. काडी मुलांच्याच हातात द्या.

एकसारखे दहा झाकणाचे डबे घ्या. प्रत्येक डब्यासाठी नाणं उडवा: छापा आला तर पाणी भरायचं, काटा आला तर रिकामा. बाहेरून पुसून कोरडे करायचे. भरणारा गट यादी पाकिटात बंद करून दुसऱ्या खोलीत जातो. मगच काडी घेतलेली मुलं येतात, डब्याला हात न लावता वरून फिरतात आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगतात. लिहून घेणाऱ्यालाही यादी ठाऊक नसते. भरणाऱ्यांना बाहेर का घालवायचं? कारण माहीत असलेल्या माणसाचा चेहरा बोलतो. हे मुलांना पटत नसेल तर एकदा त्यांना समोर बसवून करा आणि दोन्ही निकाल ताडून बघा.

पाकीट उघडण्याआधी एक काम राहिलं. किती बरोबर आले तर मानायचं? मुलं म्हणतात सात. ठीक, मग काडीशिवाय करून बघू. प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवायचं, आधी छापा की काटा ते सांगायचं आणि बरोबर आलेले मोजायचे. नुसत्या नशिबाने दहांत सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात सतरा आहे. चाळीसच्या वर्गात सहा-सात पोरांना सात, आठ, कधी नऊही मिळतात. त्यांना काही सिद्धी नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. नऊ किंवा दहा येण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे काडीवाल्याला आठ आले तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्याच मुलाला नवे डबे भरून पुन्हा बसवायचं.

‘पण सर, काडी खरंच वळती हो, मी वळवलीच नाही.’ बरोबर आहे, आणि हे खोटं म्हणून उडवून लावू नका. दोऱ्याला अंगठी बांधून हातात धरा, ती हलेल असं मनात आणा, ती हलते. डोळे बांधले की हळूहळू थांबते. शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली हे लिहून ठेवलंय. आपल्या नकळत हाताचे स्नायू हलतात. माणूस खोटं न बोलताही फसू शकतो, म्हणून तर यादी पाकिटात बंद ठेवायची.

एखादं पोरगं म्हणेल, डब्यातलं पाणी वेगळं आणि जमिनीतलं वेगळं. ही हरकत चांगली आहे, तिचा मान राखा. तिच्यावरचं उत्तर गावात आहे: बोअरची यादी. कुणाच्या शेतात, कुणी जागा दाखवली किंवा दाखवली नाही, किती फूट, पाणी लागलं का, मे महिन्यात टिकलं का. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरचंही नशीब सारखं नसतं. यादीत कोरडे गेलेले बोअर आले पाहिजेत. लोक लागलेल्या बोअरची गोष्ट सांगतात, कोरड्या बोअरची सांगत नाहीत, कारण त्यामागे कर्ज असतं. मुलांना विचारताना जपून विचारायला सांगा, नावं वहीत लिहायची नाहीत, क्रमांक टाकायचे. यादी झाल्यावर दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या जागांचं प्रमाण शेजारी शेजारी मांडा. काय निघेल ते आधीपासून ठरवून जाऊ नका.

गुण आणि प्रदर्शन

अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार मुख्याध्यापक करतील. सावलीच्या प्रयोगात पृथ्वीचं परिवलन, कोनमापन आणि भूगोलातले रेखांश येतात. दाण्यांच्या प्रयोगात वनस्पती आणि शेकडेवारी येते. घटकाचं नाव लावून नोंद ठेवा, वरिष्ठांना दाखवायला सोपं जातं. आठवड्याला एक तासिका आणि शनिवारची सकाळची शाळा यात हे बसतं.

वही तपासताना बरोबर उत्तराला गुण देऊ नका. दिसलं आणि वाटलं वेगळं ठेवलंय का, रेघ मारलेलं वाचता येतंय का, फसलेली नोंद तशीच ठेवलीय का, दुसऱ्याच्या कामावर एक तरी ‘कशावरून’ विचारलाय का, यांना गुण द्या. पहिल्या सत्रात हुशार समजली जाणारी पोरं यात मागे राहतात आणि पालक विचारायला येतात. त्यांना वही उघडून दाखवा.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी आणि विकतची पवनचक्की पुष्कळ असतात. तुमच्या मुलांनी नोंदवही न्यावी. नऊ नक्षत्रांचा तक्ता, मैदानातल्या वर्तुळाची दोन खुणांची दोरी, शंभर दाण्यांचं पोतं टेबलावर मांडायचं. परीक्षक विचारतील, ‘यातून सिद्ध काय झालं?’ मुलांची उत्तराची तयारी आधीच करून घ्या: ‘एवढं कळलं, एवढं अजून कळलं नाही, आणि ते कळायला पुढच्या वर्षी आम्ही हे करणार आहोत.’ बक्षीस मिळेलच असं नाही. मुलांना हे निघायच्या आधी, बसमध्ये बसायच्या आधी सांगा.